नवे लायसन्स आणि गाडीच्या विम्याचा हिशेब

मुलाला अठरा पूर्ण झाली आणि लायसन्स हाती आले की घरात गाडीचा विषय निघतोच. गाडीची किंमत आपण चार ठिकाणी विचारतो. विम्याचा कागद मात्र शोरूममधला माणूस पुढे करील त्यावर सही करून मोकळे होतो. कापडाच्या मीटरमागे एक रुपया सोडवून घेण्यासाठी अर्धा तास घासाघीस करणारा व्यापारीही येथे गप्प बसतो. हा हिशेब नीट समजून घेतला तर दरवर्षी काही हजार रुपये वाचू शकतात.

हप्ता कशावर ठरतो?

इंग्लंडमध्ये नवशिक्या तरुणाला वयामुळेच भारी हप्ता पडतो. खरा चालक मुलगा असताना बापाला मुख्य चालक दाखवणे ही तेथे फसवणूक ठरते. आपल्याकडे रीत वेगळी आहे. खासगी गाडीचा हप्ता मुख्यतः गाडीवर ठरतो, आणि मालकाच्या संमतीने वैध लायसन्सधारक कोणीही ती चालवू शकतो.

हप्त्याचे दोन भाग असतात. पहिला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचे जे नुकसान होईल त्याचा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याने तो सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवते. जून २०२२ पासून लागू झालेला वार्षिक दर १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा होता. दुसरा भाग आपल्या गाडीच्या नुकसानीचा. त्याचा दर कंपनीगणिक बदलतो. बचतीला वाव आहे तो येथेच.

बचतीचे मार्ग

१) गाडीची निवड : वरील दर पाहता नव्या हाताला लहान इंजिनची गाडी परवडते. गाडीची किंमत कमी असेल तर दुसरा भागही उतरतो.

२) गाडी कोणाच्या नावावर? : क्लेम न केल्यास नुकसानीच्या हप्त्यात पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. हा नो क्लेम बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो. वडिलांनी जुनी गाडी विकताना कंपनीकडून बोनसचा दाखला घेतला, तर तीन वर्षांच्या आत घेतलेल्या आपल्या नव्या गाडीला तो लावता येतो. हीच गाडी मुलाच्या नावावर घेतली तर त्याचा हिशेब शून्यापासून सुरू होतो. मात्र नाव वडिलांचे असेल तर मालकाची जबाबदारीही वडिलांचीच, हे विसरू नये.

३) किरकोळ क्लेम टाळा : समजा नुकसानीचा हप्ता १२,००० रुपये आहे, तीन वर्षे क्लेम नाही आणि चौथ्या वर्षी बंपर फुटला. बिल ४,००० रुपये. सक्तीचे १,००० वजा जाता हाती फार तर ३,००० येतील. पण पुढील वर्षी मिळणारी ४५ टक्के सूट, म्हणजे ५,४०० रुपये, हातची जाईल. हा उघड तोट्याचा सौदा आहे.

४) स्वतःचा वाटा वाढवा : प्रत्येक क्लेममध्ये ठराविक रक्कम आपण स्वतः सोसू, असे आधीच मान्य केल्यास हप्ता कमी होतो. लहान क्लेम करायचेच नसतील तर ही सूट का सोडावी? तेवढी रोकड मात्र बाजूला ठेवावी.

५) दुहेरी खर्च नको : मालक-चालकासाठी १५ लाखांचे अपघात संरक्षण सक्तीचे आहे. तेवढे संरक्षण दुसऱ्या पॉलिसीत असेल तर २०१९ पासून ते पुन्हा घ्यावे लागत नाही. गाडी थोडीच फिरत असेल, तर किलोमीटरनुसार हप्त्याची सोयही विचारून पाहावी. तिला २०२२ मध्ये परवानगी मिळाली.

येथे काटकसर नको

हप्ता कमी दिसावा म्हणून गाडीची विमा-किंमत मुद्दाम खाली लावू नये. गाडी चोरीस गेली तर तेवढीच रक्कम हाती येते. पॉलिसीची मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही, तर वर्षानुवर्षे जमवलेला बोनस बुडतो. विमा नसताना गाडी रस्त्यावर आणली तर पहिल्या गुन्ह्याला २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

सर्वांत मोठा धोका लायसन्सचा. मुलाने लायसन्स नसलेल्या मित्राच्या हाती चावी दिली आणि अपघात झाला, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला जातो. जखमीला कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देतात. तो आकडा लाखांत जातो, प्रसंगी दुकान विकण्याची पाळी येते. आणि अल्पवयीन मुलाच्या हाती गाडी दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड आहे.

तेव्हा पॉलिसी घेण्यापूर्वी किमान तीन कंपन्यांचे दर लेखी मागवावेत आणि मुलाला समोर बसवून ते वाचावेत. बोनस टिकवणे अखेर त्याच्याच हाती आहे. तो जपून चालवील तर खर्च आपोआप उतरेल, आणि वडिलांची झोपही शाबूत राहील.