सप्तव्यसनत्यागाचा पाठ : तरुण उपदेशींकरिता

महानुभाव पंथात उपदेश घेणाऱ्यास सप्तव्यसनांचा त्याग करावा लागतो. द्यूत, मांस, मद्य, वेश्यागमन, मृगया, चोरी आणि परदारगमन ही ती सात व्यसने होत. वासनिकांच्या घरातील लहान मुलेही ही नावे तोंडपाठ म्हणतात. परंतु नावे पाठ असणे निराळे आणि प्रसंगी तो पाठ उपयोगी पडणे निराळे. आजच्या तरुण उपदेशीपुढे जे विष येते, त्याचे नाव या सातांत आढळत नाही. ते बाटलीतून न येता पुडीतून येते, आणि देणारा बहुधा मित्रच असतो. म्हणून या पाठाचा अर्थ पुन्हा उलगडून पाहणे अगत्याचे आहे.

हा प्रश्न मोठ्या शहरांपुरता आहे, असे समजून स्वस्थ बसता येत नाही. ऑगस्ट 2023 मध्ये रत्नागिरी जिल्ह्याच्या किनाऱ्यावर चरसाची पाकिटे लाटांबरोबर वाहत आली. दापोली तालुक्यातील कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे या गावांच्या वाळूवर ती सापडली. हेदवी ज्या तालुक्यात आहे, त्या गुहागर तालुक्यातील बोऱ्या येथेही सापडली. सीमाशुल्क विभागाने काही दिवसांत ताब्यात घेतलेला चरस 250 किलोंच्या आसपास होता. ज्या पुळणीवर मुले खेळतात, त्या पुळणीवर हे विष येऊन पडले. किनाऱ्यावरच्या मुलांना आईबापांनी आणि गुरुजनांनी काय शिकविले आहे, हा प्रश्न त्या दिवसांत प्रत्यक्ष उभा राहिला.

शंका : शास्त्रात निषेध मद्याचा आहे. चरस, गांजा, तंबाखू, गर्द यांचा तो कसा मानावा?

समाधान : श्रीचक्रधरस्वामींचा काळ तेराव्या शतकाचा. तंबाखू या देशात पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली. तिचा नामोल्लेख त्या काळच्या निरूपणात असणे शक्यच नाही. निषेध केवळ नावाचा नसतो. वस्तूच्या कार्याचाही असतो. मद्य जीवाची स्मृती हरते आणि त्याला पराधीन करते, म्हणून ते त्याज्य. आपल्या मार्गात स्मरण हे मुख्य साधन आहे. तेव्हा जे जे स्मरण हरते आणि जीवास पराधीन करते, ते ते मद्याच्याच पंक्तीत बसते.

शंका : कित्येक बैरागी चिलीम ओढतात आणि तिने चित्त एकाग्र होते असे सांगतात. मग ती साधनास साहाय्यक का मानू नये?

समाधान : गुंगी आणि एकाग्रता या दोन भिन्न अवस्था आहेत. एकाग्र चित्त आपल्या विषयास धरून ठेवते; गुंगलेल्या चित्ताला आपण काय धरले होते याचीच आठवण राहत नाही. वैद्यकशास्त्रही सांगते की, गांजा आणि चरस यांतील मादक द्रव्य अवधानावर व नुकत्याच ऐकलेल्या गोष्टीच्या स्मृतीवर आघात करते. मेंदूची घडण साधारण पंचविशीपर्यंत चालू असते. म्हणून कोवळ्या वयात आरंभ करणाऱ्यास अपाय अधिक. शिवाय जे साधन विकत घ्यावे लागते आणि संपताच जीव तळमळतो, ते निवृत्तीचे साधन कसे होईल?

शंका : भडोचच्या हरिपाळदेवांचे द्यूत लीळाचरित्रात वर्णिले आहे. मग व्यसनाचा इतका निषेध का?

समाधान : परमेश्वराची लीळा ही चिंतनाकरिता असते, अनुकरणाकरिता नसते. जीवाने आचार घ्यावयाचा तो वचनावरून. तथापि या लीळेचे चिंतन केले असता तरुणांच्या आणि त्यांच्या आईबापांच्या उपयोगाचे बरेच हाती लागते. द्यूतात हार झाली. देणे फेडण्याकरिता पत्नी कमळाईसेपाशी अलंकार मागितले, तिने ते दिले नाहीत. त्या नकारातून उदासीनता आली. ती उदासीनता घरात कुजत बसली नाही. रामटेकच्या यात्रेचे निमित्त करून पाऊल बाहेर पडले आणि रिद्धपुरी श्रीगोविंदप्रभूंची भेट झाली. येथे दोन गोष्टी पाहाव्यात. व्यसनास द्रव्य मिळाले नाही, ही पहिली. उदास झालेल्यास जावयास एक ठिकाण होते, ही दुसरी. आपल्या घरांतून पहिली गोष्ट कधी कधी होते, दुसरी क्वचितच होते. पैसा बंद होतो आणि त्याबरोबर बोलणेही बंद होते. मग तो मुलगा जेथे बोलावणे आहे तेथे जातो, आणि ते बोलावणे पुडी देणाऱ्याचे असते.

दृष्टांत : हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ म्हणून खडकातील एक अरुंद चीर आहे. ओहोटीच्या वेळी ती पाहणाऱ्यास भय वाटत नाही. भरती आली म्हणजे समुद्राचे पाणी त्या चिरेत कोंडते आणि प्रचंड वेगाने वर उसळते. परका मनुष्य ओहोटी पाहून काठावर निर्धास्त उभा राहतो. गावचा मनुष्य तिथी पाहून भरतीची वेळ ओळखतो आणि आधीच मागे सरतो.

दार्ष्टांतिक : पहिला झुरका हा ओहोटीचा देखावा होय. त्यात काही बिघडलेले दिसत नाही, म्हणून भय दाखविणाऱ्या वडिलांचे बोलणे मुलाला खोटे वाटते. याकरिता नुसते भय घालू नये, भरतीच्या वेळा शिकवाव्यात. परीक्षेतील अपयश, नोकरीसाठी मुंबईस गेल्यावरचा एकटेपणा, मित्रांच्या मेळ्यातील रात्र, ‘एकदाच घे’ हा आग्रह, या त्या वेळा होत. त्या ओळखणारा काठावर उभाच राहत नाही.

आचार : गुरुजनांनी सप्तव्यसनांचा पाठ देताना आजच्या पदार्थांची नावे स्पष्ट घ्यावीत. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत देशात मद्य घेणारे सुमारे 16 कोटी, तर भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे 3 कोटी आढळले. तेव्हा चरसाची निंदा करून घरातील बाटलीकडे डोळेझाक करणाऱ्या वडिलांचा उपदेश मुलगा मानणार नाही. मुलांनी किनाऱ्यावर बेवारस पाकीट दिसल्यास त्यास हात न लावता पोलिसांस कळवावे. 1985 च्या अंमली पदार्थविषयक कायद्याने असा पदार्थ नुसता जवळ बाळगणे हाही गुन्हा आहे. जो आधीच गुंतला असेल, त्याने लपू नये. स्वतः होऊन उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास, अल्प प्रमाणाच्या बाबतीत, त्याच कायद्यात खटल्यापासून संरक्षण आहे. पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र हे कार्य करीत आहे. 14446 या क्रमांकावर शासनाचे विनामूल्य मार्गदर्शनही मिळते. औषधोपचार घेणे हे श्रद्धेचे उणेपण नव्हे. शरीराचे दुखणे वैद्याकडे न्यावे आणि जीवाचे स्मरणाकडे. दोन्ही एकाच वेळी चालावीत.

आश्रमाचे कर्तव्य याहून मोठे आहे. चुकलेला तरुण दारी आला, तर प्रथम त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, प्रायश्चित्ताची भाषा मागाहून करावी. पंक्तीत त्याला जागा द्यावी, हाताला सेवा द्यावी, नित्य स्मरणाची वेळ लावून द्यावी. त्याच्या हाती द्रव्य मात्र देऊ नये. तो पुन्हा घसरला, तरी पुन्हा यावे असे त्याला वाटले पाहिजे. व्यसन सोडल्याने जी जागा रिकामी होते, ती भरली नाही तर तेथे तेच व्यसन परत येते. हरिपाळदेवांच्या उदासीनतेला रिद्धपूर मिळाले. आपल्या मुलांच्या उदासीनतेला आपला आश्रम मिळावा, एवढी सिद्धता ठेवणे हे आपल्या हाती आहे.

दंडवत प्रणाम.