फोकस का चुकतो? दोष शोधण्याचा क्रम

बारावीचे सीनियर्स पासिंग आउट परेडमध्ये एकदाच चालतात. ज्यांचे आईवडील खूप लांब राहतात आणि येऊ शकत नाहीत, त्यांच्या घरी तो क्षण फक्त फोटोतून पोहोचतो. फोटो धूसर आला तर परेड पुन्हा होत नाही. अशा वेळी आपण लगेच म्हणतो, "कॅमेरा बिघडला." पण दोष खरंच कॅमेऱ्याचा आहे का, हे क्रमाने तपासता येते.

१. धूसरपणा ओळखा. फोटो स्क्रीनवर मोठा करून पाहा. मागचा झेंडा स्पष्ट आणि चेहरा धूसर असेल, तर फोकस चुकीच्या जागी गेला आहे. सगळा फोटो एकाच दिशेला ओढल्यासारखा दिसत असेल, तर हात हलला आहे. फक्त पाय आणि हात ओढलेले दिसत असतील, तर शटर मंद पडले. मार्चिंगसाठी १/५०० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठेवावे. हे दोन्ही दोष ऑटोफोकसचे नाहीत.

२. साध्या गोष्टी आधी पाहा. लेन्सवरचे बटण 'एमएफ'वर सरकले आहे का? लेन्सवर बोटांचे ठसे किंवा बाष्प आहे का? आपण फार जवळ उभे आहोत का? प्रत्येक लेन्सला किमान अंतर असते. १८-५५ मिलिमीटरच्या लेन्सला ते साधारण पाव मीटर असते, लांब पल्ल्याच्या लेन्सला त्याहून बरेच जास्त. फोटो स्पष्ट येतो पण व्ह्यूफाइंडरमध्ये धूसर दिसते, असे असेल तर व्ह्यूफाइंडरजवळची छोटी चकती आपल्या नजरेप्रमाणे फिरवावी.

३. कॅमेऱ्याला कडा द्या. ऑटोफोकस उजेड आणि अंधार जिथे भेटतात, अशी जागा शोधतो. पांढरी भिंत, धुके किंवा साधा ब्लेझर यांवर त्याला काही सापडत नाही आणि लेन्स मागेपुढे फिरत राहते. मग कॉलर किंवा पितळी बटणाच्या कडेवर नेम धरा, शटर अर्धे दाबून धरा आणि चौकट जुळवून फोटो काढा. मधल्या वेळात अंतर मात्र बदलू देऊ नका.

४. बिंदू स्वतः निवडा. सगळे बिंदू कॅमेऱ्यावर सोडले, तर तो बहुधा सर्वांत जवळची वस्तू पकडतो. सलामीच्या फोटोत ती पुढच्या रांगेतली रायफल असू शकते. एकच बिंदू निवडून तो चेहऱ्यावर ठेवा. तुकडी आपल्याकडे चालत येत असेल, तर सतत फोकसची पद्धत लावा. कॅननमध्ये तिला 'एआय सर्व्हो' आणि निकॉनमध्ये 'एएफ-सी' म्हणतात.

५. आता यंत्र तपासा. कॅमेरा बंद करून लेन्स काढा आणि तिच्या मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या, मऊ कापडाने पुसा. मग दुसरी लेन्स लावा. दोष गेला तर तो पहिल्या लेन्समध्ये आहे; राहिला तर बॉडीत किंवा सेटिंगमध्ये.

शेवटची परीक्षा फायरिंग रेंजसारखी आहे. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, समोर मोजपट्टी तिरकी ठेवा, एकाच आकड्यावर फोकस करून दहा फोटो काढा. प्रत्येक वेळी नव्याने फोकस करा. गोळ्या विखुरल्या तर आधी नेमबाजाकडे पाहतात. सगळ्या एकाच बाजूला जवळजवळ लागल्या तर साइट जुळवतात. तसेच इथे. प्रत्येक फोटोत फोकस तेवढाच मागे किंवा पुढे पडत असेल, तर जुळणी बिघडली आहे. डीएसएलआरवर हीच परीक्षा लाइव्ह व्ह्यूमध्येही करा, कारण तिथे फोकस मुख्य सेन्सरवरून घेतला जातो. तिथे फोकस बरोबर येत असेल, तर व्ह्यूफाइंडरच्या फोकसची जुळणी करून घ्यावी लागेल. काही कॅमेऱ्यांत ती मेन्यूतूनच होते.

एक नियम कायम ठेवा : एका वेळी एकच गोष्ट बदला. तीन सेटिंग्ज एकदम बदलल्या तर फोटो सुधारेलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही आणि पुढच्या परेडला तोच प्रश्न पुन्हा उभा राहील. ही तपासणी परेडच्या आदल्या संध्याकाळी, बॅटरी चार्ज करतानाच उरकून घ्यावी.