शस्त्रक्रियेनंतरचा श्वास
आमच्या नातीस तान्हेपणापासून वारंवार खोकला होई, आणि तो बाळदमा समजून जवळच्या एका दवाखान्यात महिनोन्‌महिने तिच्यावर इलाज चालू राहिला. दूध पिताना कपाळावर घाम का फुटतो आणि वजन का धरत नाही, हे मात्र कोणी विचारले नाही. पुढे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आले, त्यातील डॉक्टरीणबाईंना हृदयाचा वेगळा आवाज ऐकू आला, आणि कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयामार्फत झालेल्या इको तपासणीत दोन जवनिकांमधील पडद्यास छिद्र असल्याचे निष्पन्न झाले. अशा छिद्रातून शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांकडे वळते, ती तुंबून ताठर होतात, म्हणून न्यूमोनिया उलटतो. आणि मोठे छिद्र वर्षानुवर्षे तसेच राहिले तर फुप्फुसांतील रक्तदाब इतका चढतो की शस्त्रक्रियेची वेळच टळून जाते.

शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. खर्च सरकारी योजनेतून भागला, कागदपत्रांची यातायात तेवढी आमच्या वाट्यास आली. परंतु मला सांगावयाचे आहे ते त्यापुढचे. शाळेने तिला खेळाच्या तासास कायमचे बसवून ठेवले. आणि तालमींच्या या गावात, जेथे पोराची छाती किती भरली याची चर्चा कट्ट्याकट्ट्यावर चालते, तेथे आमची पोर रंकाळ्याच्या काठाने थोडे चालली तरी धापा टाकू लागली. इको निर्दोष, मग दोष कोठे? नळीत जोराने फुंकण्याची स्पायरोमेट्री मुलांस साधारण पाच-सहा वर्षांपासून जमते. ती केली तेव्हा श्वासनलिका मोकळ्या, पण फुप्फुसांची धारणशक्ती उंचीच्या मानाने उणी आढळली. हृदय उत्तम दुरुस्त होऊनही अनेक मुलांत असे दिसते, कारण पूर्वीच्या आजारांचा व छातीवरील छेदाचा परिणाम मागे उरतो आणि श्वासाचे स्नायू वापराअभावी दुबळे राहतात. क्वचित मज्जातंतूस इजा पोचून श्वासपटलाची एक बाजू लुळी पडते.

म्हणून इकोच्या कागदांबरोबर स्पायरोमेट्रीचीही नोंद ठेवावी. हृदयतज्ज्ञांकडून खेळाची परवानगी लेखी घेऊन शाळेत रुजू करावी (तोंडी शब्दास तेथे कोणी विचारीत नाही). फिजिओथेरपिस्टने सांगितलेला श्वासाचा व्यायाम रोज करवून घ्यावा, आणि गुऱ्हाळाच्या हंगामात, ताज्या काकवीचा मोह कितीही असला तरी, चुलवणाच्या धुरापासून मूल दूर ठेवावे. मात्र धाप लागताना ओठ निळे पडले वा भोवळ आली, तर व्यायाम तत्काळ थांबवून मुलास त्याच घटकेस इस्पितळात न्यावे.