आईचे दूध आणि गोठ्यातले दूध

“म्हशीचे दूध दाट, म्हणून बाळाला तेच अधिक पौष्टिक,” हे मी सावद्यात लहानपणापासून ऐकत आले आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच, त्यातही कला शाखेची. तरी या समजुतीत कितपत तथ्य आहे, हे पाहावेसे वाटले.

शंभर ग्रॅम दुधात प्रथिने म्हशीच्या सुमारे ४ ग्रॅम, गाईच्या व शेळीच्या ३ ते ३.५ ग्रॅम, तर आईच्या जेमतेम १ ग्रॅम असतात. मग आईचे दूध निकस का? मुळीच नाही. वासराचे वजन साधारण दीड महिन्यात दुप्पट होते. आपल्या बाळाला चार-पाच महिने लागतात. ज्याची जशी वाढ, तसे त्याच्या आईचे दूध.

फरक प्रमाणाइतकाच प्रकाराचाही आहे. दुधात लिंबू पिळले की चोथा जमतो, तो मुख्यतः केसीन या प्रथिनाचा. दुसरी प्रथिने खालच्या निवळीत राहतात. गाई-म्हशींच्या दुधातील प्रथिनांत पाचातले चार भाग केसीन असते. आईच्या दुधात मात्र निवळीतील प्रथिनेच अधिक, सुमारे साठ टक्के. म्हणून बाळाच्या पोटात त्याचा मऊ चोथा होऊन ते सहज पचते. जनावरांच्या दुधातील बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन आईच्या दुधात नसतेच. उलट जंतूंना लोह मिळू न देणारे लॅक्टोफेरिन भरपूर असते. वरच्या दुधात पाणी घातले तर ते पातळ होईल, पण आईचे कसे होईल?

आता चिकाचा विचार करू. म्हैस व्याली की सारे घर खरवसाची वाट पाहते. चीक उकडल्यावर थिजतो, तो त्यातील निवळीच्या प्रथिनांमुळे; रोगाशी झुंजणारी प्रथिने त्यांतच असतात. वासराला चीक पाजावा, हे गोठ्यात कोणाला शिकवावे लागत नाही. बाळंतिणीचा पिवळसर चीक मात्र ‘खराब’ म्हणून पिळून टाकण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. वासराला आग्रहाने द्यायचे ते पोटच्या लेकराला नाकारायचे, हा कुठला न्याय?

काही बाळांना आईचे दूध मिळू शकत नाही. त्यांच्यासाठी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली दुग्धपेढी सुरू झाली. इतर मातांनी दिलेले दूध तेथे निर्जंतुक करून अशक्त बाळांना देतात.

पहिले सहा महिने केवळ आईचेच दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मैत्रिणींनो, आपल्या वडीलधाऱ्यांना प्रथिनांची नावे सांगू नका. खरवसाचे उदाहरण द्या. त्यांना ते लगेच पटेल.