हनोईच्या विद्यार्थिनीचे इंग्रजी शब्द

जीवशास्त्राच्या पुस्तकातला ‘फोटोसिंथेसिस’ हा इंग्रजी शब्द घ्या. स्पेनमधल्या मुलाला तो प्रथमच दिसला तरी तो अडत नाही, कारण त्याच्या स्पॅनिश भाषेत जवळजवळ हाच शब्द आहे. आता व्हिएतनामची राजधानी हनोई येथील अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीची कल्पना करा. तिच्या भाषेत या क्रियेला ‘क्वांग हप’ म्हणतात. ‘फोटोसिंथेसिस’ आणि ‘क्वांग हप’ यांच्यात एका अक्षराचेही साम्य नाही. मग ती काय करते? वहीचे पान उभे दुमडते, डावीकडे इंग्रजी शब्द लिहिते, उजवीकडे व्हिएतनामी, आणि रात्री वीस-वीस शब्द घोकते. तुमच्यापैकी पुष्कळांना ही वही ओळखीची वाटेल!

तिची धडपड विनाकारण नाही. व्हिएतनाम १९९५ साली ‘आसिआन’ या आग्नेय आशियाई राष्ट्रांच्या संघटनेत आला. या संघटनेचे कामकाज इंग्रजीतून चालते. शिवाय पुढे वैद्यक किंवा संगणकशास्त्र शिकायचे, तर नवे ग्रंथ आणि शोधनिबंध बहुतांशी इंग्रजीतच असतात. रोजच्या बोलण्यापुरती इंग्रजी तिला येते. अडते ते या लांबलचक, पुस्तकी शब्दांपाशी.

परंतु या शब्दांची एक किल्ली तिच्याजवळ आधीपासूनच आहे, आणि शब्दांची वही तिला ती कधी दाखवीत नाही. ती किल्ली कोणती ते आता पाहू.

तहान लागली की व्हिएतनामी माणूस ‘नुओक’ मागतो. ‘नुओक’ म्हणजे पाणी. पण जलविद्युत या अर्थी त्यांचा शब्द आहे ‘थुइ दिएन’. यातल्या ‘थुइ’चा अर्थही पाणीच, आणि ‘दिएन’ म्हणजे वीज. मात्र खाणावळीत जाऊन कोणी ‘थुइ द्या’ म्हणत नाही. आपण तरी आईकडे ‘जल’ कुठे मागतो? इंग्रज मनुष्यही ‘वॉटर’ मागतो, ‘हायड्रो’ मागत नाही. पण विजेच्या केंद्राला मात्र ‘हायड्रोइलेक्ट्रिक’ म्हणतो. म्हणजे तिन्ही भाषांची घरे दुमजली आहेत. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघरातले शब्द राहतात, वरच्या मजल्यावर शाळेतले. आपल्या वरच्या मजल्याचे सामान संस्कृतातून आले, इंग्रजीचे ग्रीक आणि लॅटिनमधून, तर व्हिएतनामीचे चिनी भाषेतून.

याचे कारण इतिहासात आहे. इ. स. पूर्व १११ पासून दहाव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे हजार वर्षे, उत्तर व्हिएतनामवर मुख्यतः चिनी सत्ता होती. ती गेल्यानंतरही दरबार, ग्रंथ आणि अधिकाऱ्यांच्या परीक्षा चिनी लिपीतच राहिल्या. या परीक्षांपैकी शेवटची १९१९ साली झाली. आज व्हिएतनामी भाषा रोमन लिपीत लिहितात. ही लिपी पोर्तुगीज, इटालियन व फ्रेंच मिशनऱ्यांच्या हातून घडत गेली, आणि त्या लिपीतला अलेक्झांद्र द रोद यांचा शब्दकोश १६५१ साली रोममध्ये छापला गेला. त्यामुळे हनोईच्या आपल्या मुलीला चिनी चित्राक्षरे वाचता येत नाहीत. पण त्यांतून आलेले शेकडो शब्दखंड तिच्या कानात पक्के बसलेले आहेत. (चिनी शब्द इतके असले तरी ही भाषा चिनीच्या कुळातली नाही बरे! ती ऑस्ट्रोआशियाई कुळातली आहे, आणि आपल्या मेळघाटातली कोरकू भाषाही त्याच कुळातली.)

१९४२ साली होआंग सुआन हान या गणितज्ञाने विज्ञानाच्या परिभाषेचा एक कोश प्रसिद्ध केला. देशावर त्या वेळी फ्रेंचांचे राज्य होते आणि उच्च शिक्षण फ्रेंचमधून चाले. आपल्या भाषेत भौतिकी, रसायन शिकवायचे तर शब्द हवेत, म्हणून हे काम. त्यातले पुष्कळ शब्द चिनी मुळांपासून बांधलेले होते. आपल्याकडे संस्कृत धातूंवरून परिभाषा घडवली गेली, तसाच हा प्रकार.

आता पुन्हा ‘क्वांग हप’कडे वळू. ‘क्वांग’ म्हणजे प्रकाश, ‘हप’ म्हणजे जुळणे, एकत्र येणे. ग्रीकमध्ये ‘फोटो’ म्हणजे प्रकाश, ‘सिन’ म्हणजे एकत्र, ‘थेसिस’ म्हणजे ठेवणे. आणि आपले ‘प्रकाशसंश्लेषण’? तीच मोडणी! शब्द अगदी निराळे, पण विटा त्याच क्रमाने रचलेल्या. सूक्ष्मदर्शकाचे पाहा. व्हिएतनामीत त्याला ‘किन्ह हिएन वी’ म्हणतात : ‘किन्ह’ म्हणजे काच, ‘हिएन’ म्हणजे दाखवणे, ‘वी’ म्हणजे अतिसूक्ष्म. ‘मायक्रो’ म्हणजे ‘वी’, एवढे एकदा मुलीच्या ध्यानात आले, की मायक्रोफिल्म, मायक्रोमीटर, मायक्रोब हे शब्द निम्मे तरी ओळखीचे होतात. वीस सुटे शब्द घोकण्यापेक्षा एक वीट ओळखणे माझ्या मते केव्हाही स्वस्त पडते.

यात एक अडचण आहे, आणि ती लिपीची आहे. व्हिएतनामीत प्रत्येक अवयव सुटा लिहितात. ‘थुइ’ आणि ‘दिएन’ यांच्यामध्ये रिकामी जागा असते, त्यामुळे विटांमधला सांधा डोळ्यांना दिसतो. इंग्रजी शब्द मात्र आगगाडीच्या डब्यांसारखा सलग येतो. म्हणून वहीत शब्द लिहिताना तो तोडून लिहावा : ‘हायड्रो’, मग थोडी जागा, मग ‘इलेक्ट्रिक’. शिक्षकांनी फळ्यावर एवढे केले तरी फरक पडेल.

तुम्ही म्हणाल, विटा कधी फसवीत नाहीत का? फसवतात. ‘इनव्हिजिबल’ म्हणजे न दिसणारे. मग ‘इन्फ्लॅमेबल’ म्हणजे न जळणारे असायला हवे. पण त्याचा अर्थ चटकन पेट घेणारे असा आहे! रसायनाच्या बाटलीवर हा शब्द वाचून कोणी चुकीची वीट धरली तर काय होईल, याचा विचार करा. गंमत अशी की या सापळ्याचीही व्हिएतनामी मुलांना सवय असते. त्यांच्याकडे ‘फी किम’ म्हणजे अधातू. येथे ‘फी’ म्हणजे ‘नसलेला’ आणि ‘किम’ म्हणजे धातू. पण ‘फी काँग’ म्हणजे वैमानिक, कारण तेथे ‘फी’ म्हणजे उडणे. चिनी लिपीत ही दोन वेगळी अक्षरे होती. रोमन लिपीत दोन्ही सारखीच दिसतात. कोणती ‘फी’ कोठली, हे ती मुले सभोवतालच्या शब्दांवरून ओळखतात. तीच सावधगिरी इंग्रजीत वापरायची.

जेथे ही किल्ली चालत नाही अशा जागाही आहेत. व्हिएतनामी शब्दाला प्रत्यय लागत नाहीत, त्याचे रूप बदलत नाही. ‘क्वेत दिन्ह’ म्हणजे ठरवणे, आणि ‘क्वेत दिन्ह’ म्हणजेच निर्णय. इंग्रजीत मात्र ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ असे सारे कुटुंबच पाठ करावे लागते. त्यातून कुटुंबातल्या शब्दांवरचा आघातही जागा बदलतो : ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसऱ्यावर, ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. व्हिएतनामीत प्रत्येक अवयवाला स्वतःचा सूर असतो. हनोईच्या बोलीत असे सहा सूर आहेत. एकच ‘मा’ सूर बदलून म्हटला की भूत, रोप, कबर असे निरनिराळे अर्थ होतात. इतका तयार कान असूनही इंग्रजी आघात मात्र नव्याने शिकावा लागतो.

शब्दाच्या शेवटाचा त्रास तर त्याहून मोठा. व्हिएतनामी अवयवाच्या अखेरीस प, त, क आणि काही अनुनासिके एवढीच व्यंजने येतात, आणि प, त, क हेही ओठांत किंवा जिभेवर अडवून सोडून दिलेले. शेवटी ‘स’ कधीच येत नाही. जोडाक्षरांची तर बातच नको. त्यामुळे ‘आइस’ म्हणजे बर्फ, ‘आइज’ म्हणजे डोळे आणि ‘आय’ म्हणजे मी, हे तिन्ही नवशिक्याच्या तोंडी एकसारखे होऊन जातात. शब्द माहीत असतो, लिहिता येतो. पण ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि ऐकताना स्वतःलाही सापडत नाही. म्हणून नवा शब्द मोठ्याने, त्याच्या शेपटासकट म्हणायचा. मूक घोकंपट्टीने हे साधत नाही.

आणखी एक. आपण औषध ‘घेतो’, इंग्रजीतही ‘टेक’ म्हणजे घेणेच चालते, पण व्हिएतनामी माणूस औषधाची गोळीसुद्धा ‘पितो’. पाऊस त्यांच्याकडे ‘मोठा’ पडतो, इंग्रजीत तो ‘जड’ असतो. अशा जोड्या कोणत्याही विटेतून निघत नाहीत. वाक्यासकटच लक्षात ठेवाव्या लागतात. म्हणूनच जीवशास्त्राचे इंग्रजी पुस्तक वाचू शकणारी मुलगी साध्या गोष्टीच्या पुस्तकातल्या ‘पुट अप विथ’पाशी थबकते. तीन शब्द, तिन्ही तिला पहिलीपासून ठाऊक, आणि अर्थ निघतो ‘सहन करणे’!

आता तुमच्यासाठी एक कोडे. व्हिएतनामीत ‘न्येत’ म्हणजे उष्णता आणि ‘के’ म्हणजे मापक. तेव्हा ‘न्येत के’ म्हणजे तापमापक, हे तुम्ही ओळखलेच असेल. ‘दोंग’ म्हणजे हालणे, ‘लुक’ म्हणजे बल, ‘होक’ म्हणजे शास्त्र. मग ‘न्येत दोंग लुक होक’ ही भौतिकीची कोणती शाखा? त्याचा इंग्रजी शब्द ग्रीक विटांत तोडून वहीत लिहा, आणि शेजारी मराठी शब्दही तसाच तोडा.

उत्तर : ऊष्मागतिकी, म्हणजेच थर्मोडायनॅमिक्स.