"एकटेच का?" हे विचारू नका: एकट्या गिऱ्हाइकाचा हिशोब

हॉटेल टाकायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी आजचा धडा कोरियातून.

तिथं बाहेर जेवण म्हणजे पुष्कळदा चारचौघांत बसून, टेबलावरच्या शेगडीवर मांस भाजत खायचं. म्हणून असे पदार्थ देणारी बरीच हॉटेलं किमान दोघांची ऑर्डर मागतात. एकटा परदेशी पाहुणा गेला, की एकतर दोघांचे पैसे भरायचे, नाहीतर उठायचं. पण एकटं राहणारे वाढले आणि 'होनबाप' हा शब्दच रुळला. 'होन्जा' म्हणजे एकटा, 'बाप' म्हणजे भात किंवा जेवण. आता एकट्यासाठी काउंटर असलेली हॉटेलंही तिथं दिसतात.

आपल्याला काय त्याचं? अहो, आपल्या संभाजीनगरात वेरूळ-अजिंठा बघायला एकटे परदेशी येतात. शेंद्र्याला ऑरिकमध्ये ह्योसंग या कोरियन कंपनीचा कारखाना आहे. शिवाय आपले एमआर, परीक्षेला आलेली मुलं आहेतच.

आता हिशोब. समजा, चौघांचं कुटुंब तासभर बसतं, बिल ८०० रुपये. म्हणजे एका खुर्चीमागे तासाला २००. एकटा माणूस अर्ध्या तासात १८० देऊन उठतो, म्हणजे खुर्ची भरलेली राहिली तर तासाला ३६०. पण त्यालाच चौघांच्या टेबलावर बसवलं, तर ८०० च्या जागी ३६०! तोटा गिऱ्हाइकामुळे नाही, टेबलामुळे होतो.

मग करायचं काय?

१. भिंतीला फळी ठोका, चार स्टूल ठेवा.

२. नान-खलिया असो की थाळी, एका माणसापुरती प्लेट ठेवा. मेनूवर फोटो, भाव आणि तिखट किती ते लिहा.

३. काय फुकट, कशाचे पैसे, ते आधीच सांगा. कोरियात जेवणासोबतच्या वाट्या, म्हणजे 'बानचान', फुकट असतात आणि बहुतेक ठिकाणी पुन्हा मिळतात. तो पाहुणा तुमच्याकडे पापड त्याच हिशोबाने मागेल, आणि बिलावर वाद होईल.

४. "एकटेच का?" नको. "या, बसा" म्हणा.

गृहपाठ: जिथं हॉटेल टाकायचंय, तिथल्या एखाद्या हॉटेलासमोर दुपारी १ ते ३ थांबा. एकटे किती आले, किती परत फिरले, वहीत लिहा. वेरूळ रोडवर असाल तर मंगळवार सोडून मोजा, त्या दिवशी लेणी बंद असतात. परत फिरलेला आकडा मोठा निघाला, तर आधी फळीचा खर्च काढा, मग मोठ्या टेबलांचा.