मोटारसायकल ‘मिसिंग’ मारते तेव्हा : दोषनिदानाची क्रमवार पद्धत

ग्रामीण भागातील सार्वजनिक कामाचा मोठा भार आज मोटारसायकलच्या दोन चाकांवर आहे. ग्रामपंचायतीचे अधिकारी, वाडीवस्तीवरील शाळांचे शिक्षक आणि लसीची पेटी घेऊन उपकेंद्राकडे निघालेले आरोग्य कर्मचारी या सर्वांचा दिवस या वाहनाच्या भरवशावर आखलेला असतो. घाटात किंवा एस. टी. न पोहोचणाऱ्या रस्त्यावर इंजिन अडखळू लागले, की केवळ एका माणसाचा खोळंबा होत नाही, तर त्याची वाट पाहणाऱ्या गावाचाही होतो. अशा वेळी अंदाजाने एकामागून एक सुटे भाग बदलले जातात, पैसा खर्च होतो आणि दोष मात्र कायम राहतो. हे टाळण्यासाठी दोष शोधण्याची क्रमवार पद्धत समजून घेणे अगत्याचे आहे.

दोषाचे स्वरूप

पेट्रोल व हवा यांचे मिश्रण सिलिंडरमध्ये येते, पिस्टन ते दाबतो आणि नेमक्या क्षणी प्लगची ठिणगी पडून ते पेट घेते. फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या दर दोन फेऱ्यांमागे असे एक ज्वलन होते. इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ३,००० वेळा, म्हणजे सेकंदाला ५० वेळा ज्वलन व्हावे लागते. त्यांपैकी काही हुकली, की गाडीला झटके बसतात. यालाच गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग मारते’ असे म्हणतात.

हुकलेल्या ज्वलनातील पेट्रोल न जळताच बाहेर पडते. ते तापलेल्या सायलेन्सरमध्ये पेटले, तर फटाक्यासारखा आवाज होतो. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ज्या गाड्यांत असतो, तेथे हे पेट्रोल त्यातच जळून तो अतिशय तापतो व कालांतराने निकामी होतो. म्हणून अशी गाडी दिवसेंदिवस तशीच दामटणे शहाणपणाचे नाही.

ज्वलनास चार गोष्टी लागतात : ठिणगी, इंधन, हवा आणि दाब. दोष या चारांपैकी एकात असतो. तपासणीचा क्रम सोप्याकडून अवघडाकडे व स्वस्ताकडून महागाकडे असावा.

आधी निरीक्षण

पान्हा हाती घेण्यापूर्वी दोष केव्हा उद्भवतो याची नोंद घ्यावी. पावसात किंवा गाडी धुतल्यानंतर इंजिन अडखळत असेल, तर संशय विजेच्या जोडण्यांवर जातो. चढावर, जोर लागतानाच अडखळत असेल, तर ठिणगी दुर्बळ आहे किंवा पेट्रोल अपुरे पडत आहे. इंजिन तापल्यावरच दोष येत असेल, तर कॉइल किंवा व्हॉल्व्हची फट पाहावी लागते. खड्ड्यात आदळल्यावर क्षणभर बंद पडत असेल, तर बॅटरीची सैल जोडणी, इंजिन बंद करण्याचे बटण किंवा साइड स्टँडचा स्विच तपासावा.

ठिणगी

इंजिन थंड झाल्यावरच प्लग काढावा. गरम असताना काढल्यास अॅल्युमिनियमच्या हेडचे आटे खराब होण्याचा धोका असतो. प्लगचे टोक फिकट तपकिरी असेल, तर ज्वलन ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल, तर मिश्रणात पेट्रोल जास्त आहे. टोक तेलकट व ओले असेल, तर इंजिन ऑइल ज्वलनकक्षात येत आहे. पांढरेफटक टोक मिश्रणात पेट्रोल कमी असल्याचे किंवा इंजिन अति तापत असल्याचे सुचवते. प्लगची फट साधारणतः ०.६ ते ०.८ मिलिमीटर असते. तथापि, गाडीच्या पुस्तिकेत दिलेले मापच प्रमाण मानावे.

प्लग हेडच्या धातूला टेकवून किक मारली असता निळसर पांढरी, कडकडणारी ठिणगी दिसली पाहिजे. पिवळसर व क्षीण ठिणगी दोषाची खूण होय. मात्र मोकळ्या हवेत पडणारी ठिणगी सिलिंडरच्या दाबाखाली पडेलच असे नाही. म्हणून नवा प्लग लावून पाहणे हा स्वस्त व खात्रीचा उपाय ठरतो. त्यानंतर प्लगची कॅप, वायर व कॉइल यांकडे वळावे. अंधारात इंजिन चालू ठेवून पाहिल्यास चिरलेल्या वायरमधून निसटणारी ठिणगी कित्येकदा नजरेस पडते.

इंधन व हवा

पेट्रोल तपासताना प्रथम टाकीचे झाकण पाहावे. त्यातील हवेचे बारीक छिद्र बुजले, तर काही अंतर गेल्यावर पेट्रोल उतरणे थांबते आणि इंजिन बंद पडते. झाकण उघडताच हवा आत शिरल्याचा आवाज आला व गाडी पुन्हा सुरळीत चालली, तर कारण सापडले असे समजावे. पुढे पेट्रोल कॉकची जाळी आणि कार्बोरेटरच्या तळाशी साचलेला गाळ पाहावा.

पावसाळ्यात पाण्याचा प्रश्न विशेष असतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते व इथेनॉल पाणी शोषते. टाकीत पाणी अधिक झाले, की इथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसतात आणि इंजिनाकडे प्रथम तेच जातात. फार दिवस उभी असलेली गाडी अडखळू लागल्यास हे कारण आठवावे.

कार्बोरेटरच्या गाडीत चोकची एक साधी कसोटी आहे. इंजिन अडखळत असताना चोक किंचित ओढावा. सुधारणा झाली, तर पेट्रोल कमी पडत आहे किंवा कार्बोरेटरच्या पुढील रबरी जोडणीतून जादा हवा आत शिरत आहे. दोष वाढला, तर पेट्रोल आधीच जास्त आहे. त्या वेळी धुळीने भरलेला एअर फिल्टर प्रथम तपासावा.

दाब

ठिणगी, इंधन व हवा निर्दोष ठरल्यावरच दाबाची तपासणी करावी. ती मापकयंत्र असलेल्या मेकॅनिककडून करून घ्यावी. दाब कमी भरल्यास प्लगच्या छिद्रातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला, तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेडच्या गॅस्केटकडे पाहावे लागते. व्हॉल्व्हची फट फार कमी झाल्यास व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. टॅपेट सेटिंग केल्याने हा दोष अनेकदा दूर होतो.

नव्या गाड्या

१ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे मानक लागू झाले आणि बहुतेक मोटारसायकलींत कार्बोरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. या गाड्यांत इंजिनाच्या दोषाचा दिवा लागतो व दोषाचा संकेतांक यंत्राने वाचता येतो. परंतु संकेतांक दोषाची दिशा दाखवतो, बदलायचा भाग सांगतोच असे नाही. बॅटरीची जोडणी, फ्यूज, प्लग व एअर फिल्टर यांची प्राथमिक तपासणी येथेही चुकत नाही.

दोन नियम

पहिला नियम सुरक्षिततेचा. ठिणगीची चाचणी करताना पेट्रोल कॉक बंद ठेवावा, जवळ सांडलेले पेट्रोल नसावे आणि प्लग त्याच्या छिद्रापासून दूर धरावा, कारण छिद्रातून येणारी वाफ पेटू शकते. चालू इंजिनाची प्लग कॅप ओढू नये. त्याने जोराचा झटका बसतो व इलेक्ट्रॉनिक भाग बिघडू शकतात. इंजेक्शनच्या गाडीत ही चाचणी जाणकाराकडे सोपवावी.

दुसरा नियम पद्धतीचा. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याच रस्त्यावर, त्याच परिस्थितीत गाडी चालवून पाहावी. दोन भाग एकदम बदलले, तर गुण कोणत्या भागाने आला हे कळत नाही आणि चांगला भाग भंगारात जातो. काय पाहिले व काय बदलले याची नोंद वहीत ठेवली, तर गॅरेजमध्ये तक्रार नेमकी सांगता येते व देयकही तपासता येते.

ज्वलनाचा धडा शिकवणाऱ्या शिक्षकांना हा विषय वर्गातही उपयोगी पडेल. दारातील गाडीचा प्लग दाखवून ज्वलनाच्या अटी आणि शास्त्रीय निदानाची रीत या दोन्ही गोष्टी मुलांना समजावून देता येतील. ग्रामपंचायतीनेही एक प्लग पाना, फट मोजण्याची पट्टी आणि दोन जादा प्लग कार्यालयात ठेवले, तर अल्प खर्चात गावाची अनेक कामे वेळेवर पार पडतील.